सेवा घरची, भार एकीचा

वृद्धांच्या उपेक्षेविषयी आपल्याकडे पुष्कळ लिहिले जाते आणि ते योग्यच आहे. परंतु त्यांच्या अंथरुणाशेजारी रात्री जागून काढणाऱ्यांची दखल क्वचितच घेतली जाते. पक्षाघाताने खिळलेल्या माणसाला दर दोन-तीन तासांनी कुशीवर वळवावे लागते. एरवी पाठीला व्रण पडतात. स्मृतिभ्रंश झालेल्या वृद्धावर तर अहोरात्र पहारा ठेवावा लागतो आणि एवढे करूनही तो सेवा करणाऱ्याला ओळखेलच असे नाही.

२००७ साली संसदेने ज्येष्ठांच्या निर्वाहाचा कायदा केला. आईवडिलांना टाकून देणाऱ्यास त्यात तीन महिन्यांपर्यंत कैदेची तरतूद आहे. ती असावयासच हवी. परंतु न टाकता सांभाळणाऱ्यास हा कायदा काय देतो? शिवाय त्यातील अपत्यांच्या व्याख्येत मुलगा, मुलगी, नातू आणि नात येतात. सून येत नाही. कर्तव्य मुलाच्या नावावर आणि कष्ट बहुधा सुनेच्या वाट्याला, असा हा हिशेब आहे.

केंद्र सरकारच्या महिला कर्मचाऱ्यांना अपत्यसंगोपनासाठी सेवाकाळात ७३० दिवसांची रजा मिळते. अंथरुणाला खिळलेल्या आईसाठी तशी स्वतंत्र रजा नाही. शिल्लक रजा संपली की बिनपगारी रजा आणि पुढे राजीनामा, हीच वाट उरते. २०२४ पासून सत्तर वर्षांवरील सर्वांना आयुष्मान योजनेत पाच लाखांपर्यंतचे उपचार मिळू लागले, हे स्वागतार्हच होय. परंतु ते रुग्णालयात दाखल झाल्यावर. खरी शुश्रूषा रुग्ण घरी परतल्यावर सुरू होते आणि तेथे योजना थांबते.

आईबापांची सेवा हे कर्तव्य आहे, त्यात सरकारचे काय काम, असे यावर म्हटले जाईल. पुंडलिकाचा दाखलाही दिला जाईल. पण पुंडलिकाला साडेदहाची कचेरी गाठावयाची नव्हती, की मुलांची शाळेची फी भरावयाची नव्हती. एकत्र कुटुंबात चार हातांत वाटले जाणारे काम दोन खोल्यांच्या घरात एकाच व्यक्तीवर येते, तेव्हा कर्तव्यबुद्धी कितीही दृढ असली तरी शरीर थकतेच. थकलेल्या माणसाच्या तोंडून मग कठोर शब्द जातो आणि त्याचा सल त्यालाच जन्मभर बाळगावा लागतो.

मार्ग नाहीत असे नव्हे. केरळने २००८ साली परिहार सेवेचे धोरण स्वीकारले आणि पंचायतींच्या साहाय्याने परिचारिका रुग्णांच्या घरी जाऊ लागल्या. महाराष्ट्रातही प्राथमिक आरोग्य केंद्रांतून ठरावीक वारी अशी भेट व्हावी. तालुक्याच्या ठिकाणी वृद्धांना आठ-पंधरा दिवस ठेवण्याची सोय व्हावी आणि नोकरदारांना शुश्रूषेची रजा मिळावी. यांतील कोणतीही मागणी अवाजवी नाही.

मात्र सारेच सरकारवर सोपवून चालणार नाही. दरमहा पैसे पाठवून मोकळे होणाऱ्या भावाने वर्षातून एक महिना वडिलांच्या उशाशी काढावा. सेवेचे मोल त्याला तेव्हाच कळेल आणि घरात राबणाऱ्या बाईला त्या महिन्यात रात्रीची झोप मिळेल.