किनाऱ्यावर सुरू, समुद्रात बंद

रस्त्यात मोटार बंद पडली तर आपण काय करतो? चार जण खाली उतरून ती कडेला ढकलतो आणि सावली बघून मेकॅनिकची वाट पाहतो. होडीचे इंजिन भर पाण्यात बंद पडले तर ही सोय नसते. खाडीच्या मुखाशी ओहोटीचा प्रवाह सेकंदाला एक मीटर असेल, तर बंद पडलेली होडी तासाभरात साडेतीन किलोमीटरांहून अधिक दूर, तीही खुल्या समुद्राकडे, वाहत जाते. त्यात वाऱ्याची भर पडली तर विचारायलाच नको.

कोकणच्या किनाऱ्यावर मासेमारीसाठी किंवा पर्यटकांना फिरवण्यासाठी पुष्कळ जण जुनी होडी इंजिनासह विकत घेतात. व्यवहाराच्या वेळी विकणारा इंजिनाची दोरी ओढतो, इंजिन धडधडते, पाच मिनिटे नीट चालते. घेणारा खूश होतो व पैसे मोजतो. आठवड्याने तो होडी घेऊन बाहेर पडतो आणि तेच इंजिन अर्ध्या वाटेत मान टाकते. आपल्याला फसवले, असे त्याला वाटते. कधी कधी ते खरेही असते. पण पुष्कळदा विकणाऱ्यालाही त्या दोषाची कल्पना नसते. किनाऱ्यावर लपून राहणारे दोष पाण्यातच का उघडे पडतात, याचे उत्तर तुमच्या पाठ्यपुस्तकातल्या भौतिकशास्त्रात आहे. ते आपण पाहू या.

होडीच्या पाठीवरचे इंजिन

लहान होड्यांना बहुधा ‘आउटबोर्ड’ इंजिन असते. ते होडीच्या मागच्या फळीवर बाहेरून टांगलेले असते. वर इंजिन, मध्ये उभा दांडा, खाली पाण्यात दंतचक्रे आणि पंखा, अशी त्याची रचना. अशी इंजिने लोकप्रिय करण्याचे श्रेय नॉर्वेत जन्मलेल्या ओल इव्हिनरूड या अमेरिकन कारागिराकडे जाते. त्याने १९०९ साली दीड अश्वशक्तीचे इंजिन विक्रीस आणले. आज याच रचनेची शेकडो अश्वशक्तीची इंजिने मिळतात. आपण उदाहरणासाठी ४० अश्वशक्तीचे, म्हणजे सुमारे ३० किलोवॅटचे इंजिन घेऊ.

पूर्ण वेगात ते मिनिटाला ५,००० फेरे करते असे धरा. पंखा पाण्यात फिरवण्यासाठी लागणारी शक्ती ढोबळमानाने फेऱ्यांच्या घनाच्या प्रमाणात वाढते. फेरे दुप्पट केले तर शक्ती आठपट लागते. उलट फेरे पाचव्या हिश्शावर, म्हणजे मिनिटाला १,००० वर आणले तर शक्ती एकशे पंचविसाव्या हिश्शावर येते. ४० अश्वशक्तीच्या इंजिनावर तेव्हा जेमतेम एक तृतीयांश अश्वशक्तीचा भार असतो. किनाऱ्यावर पिंपात पाणी भरून इंजिन चालवून दाखवतात, तेव्हा तर गिअरच टाकलेला नसतो आणि पंख्याचा भार शून्य असतो. पहिलवानाची ताकद त्याला खुर्चीवर बसवून अजमावण्यासारखाच हा प्रकार झाला.

आता नेहमीचे चार दोष घेऊ आणि भार वाढला की ते कसे जागे होतात ते पाहू.

पहिला दोष: टाकीचे झाकण

इंजिन सुरू होते, होडी वेग घेते आणि चार-पाच मिनिटांत इंजिन गुदमरून बंद पडते. थोडा वेळ थांबून पुन्हा सुरू केले तर चालते, पुन्हा बंद पडते. अशा वेळी आधी टाकीचे झाकण पाहावे. सुट्या टाकीच्या झाकणावर हवा आत येण्यासाठी एक लहान स्क्रू असतो. तो घट्ट बंद राहिला असेल किंवा त्याचे भोक गंजाने बुजले असेल, तर पेट्रोल बाहेर जाते, पण त्याची जागा घ्यायला हवा आत येत नाही.

बॉइलचा नियम लावून पाहा. टाकी २४ लिटरची असून तीत २० लिटर पेट्रोल व ४ लिटर हवा आहे. इंजिनाने १ लिटर पेट्रोल ओढले की त्याच हवेला ५ लिटर जागा व्यापावी लागते. पेट्रोलच्या वाफेचा हिशेब सोडून दिला तर आतला दाब वातावरणाच्या चार पंचमांशांवर येतो. इंजिनाच्या इवल्याशा पंपाला या खेचीविरुद्ध पेट्रोल ओढणे जड जाते. पूर्ण वेगात इंजिन तासाला १५ लिटर पेट्रोल पिते असे धरले, तर हा १ लिटर चार मिनिटांत संपतो. संथ चालवले तर त्यालाच अर्धा-पाऊण तास लागू शकतो. पाच मिनिटांच्या प्रात्यक्षिकात दोष का दिसला नाही, हे आता लक्षात आले असेल.

पेट्रोल जुने असेल तर आणखी एक भानगड असते. आज आपल्याकडे पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल मिसळलेले असते. इथेनॉल हवेतील बाष्प शोषून घेते. पाण्याचे प्रमाण एका मर्यादेपलीकडे गेले की पाणी व इथेनॉल मिळून पेट्रोलपासून वेगळे होतात आणि जड असल्यामुळे तळाशी बसतात. इंजिनाची नळी तर तळापासूनच ओढते. किनाऱ्यावर टाकी स्थिर असते, त्यामुळे तळातला गाळ खालीच असतो. लाटांवर होडी आपटू लागली की तोही ढवळून नळीत शिरतो. म्हणून जुन्या होडीबरोबर आलेले जुने पेट्रोल वापरू नये, टाकी रिकामी करून स्वच्छ करावी.

दुसरा दोष: आटलेली धार

पेट्रोलमधील ऊर्जेपैकी फार तर चौथा ते तिसरा हिस्सा पंख्यापर्यंत पोहोचतो. उरलेल्या उष्णतेपैकी काही धुरातून जाते आणि बरीचशी इंजिनाभोवतीच्या पाण्याला मिळते. पूर्ण वेगात ही दुसरी उष्णता साधारण पंख्याला मिळणाऱ्या शक्तीइतकीच, म्हणजे ३० किलोवॅटच्या आसपास असते. एक लिटर पाणी २८ अंशांपासून उकळीपर्यंत नेण्यास सुमारे ३०० किलोजूल लागतात. तेव्हा ही उष्णता दर दहा सेकंदांना एक लिटर पाणी उकळीस आणील! हे काम निभावून नेते ते एक रबरी चाक. बोटांसारखी पाती असलेले हे चाक खालून समुद्राचे पाणी ओढून इंजिनाभोवती फिरवते. त्यातली एक बारीक धार इंजिनाच्या मागून बाहेर पडताना दिसते. ती दिसली म्हणजे पाणी फिरते आहे असे समजावे.

होडी महिनोन् महिने पडून राहिली की रबराची वाकलेली पाती वाकलेलीच राहून कडक होतात. पाण्याच्या वाटांत राहिलेले खारे पाणी सुकते आणि लिटरमागे सुमारे ३५ ग्रॅम क्षार मागे ठेवते. वाटा अरुंद होतात. संथ चालीला एवढे पाणीही पुरते, पण पूर्ण वेगात ते अपुरे पडते आणि इंजिन तापू लागते.

तापल्याने काय होते? दट्ट्या ॲल्युमिनियमचा असतो आणि सिलिंडरचे अस्तर बहुधा बिडाचे. ॲल्युमिनियमचा प्रसरण गुणांक बिडाच्या जवळजवळ दुप्पट आहे. ८० मिलिमीटर व्यासाचा दट्ट्या १०० अंशांनी जास्त तापला तर त्याचा व्यास सुमारे ०.१८ मिमी वाढतो, अस्तराचा तेवढ्याच तापमानवाढीने सुमारे ०.१० मिमी. फरक ०.०८ मिमी, म्हणजे साधारण एका केसाच्या जाडीइतका. पण दोहोंमधली मोकळी जागाही काही शतांश मिलिमीटरच असते. ती संपली की दट्ट्या जागीच आवळतो. म्हणून चालवणाऱ्याने एक डोळा पाण्यावर व एक त्या धारेवर ठेवावा. धार आटली तर इंजिन लगेच बंद करावे. पाण्याबाहेर इंजिन कोरडे चालवून पाहण्याचा मोहही टाळावा, कारण रबरी चाकाला वंगण पाण्याचेच असते.

तिसरा दोष: इंजिन पळते, होडी पळत नाही

वेग वाढवताच इंजिन किंचाळू लागते, पण होडी जागची फारशी हलत नाही. येथे दोष पंख्याच्या मध्यभागी असतो. पंखा खडकावर किंवा ओंडक्यावर आपटला तर दंतचक्रे तुटू नयेत, म्हणून लहान इंजिनांत दांडा व पंखा यांच्यामध्ये मुद्दाम एक कमजोर खिळ घातलेली असते. धक्क्याने ती तुटते आणि महागडी चक्रे वाचतात. घरातल्या विजेच्या फ्यूजचेच हे भावंड. मोठ्या इंजिनांत खिळीऐवजी रबराची जोडणी असते. जुने रबर कमी पिळाला टिकते, जास्त पिळाला घसरते. पंख्याला लागणारा पिळ फेऱ्यांच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. तेव्हा संथ चालीला लागणारा पिळ पूर्ण वेगाच्या पंचविसाव्या हिश्शाएवढाच असतो आणि घसरणे दिसतच नाही.

हे ओळखण्याची युक्ती सोपी आहे. पंख्याच्या आतल्या व बाहेरच्या भागावरून जाणारी एक सरळ रेघ रंगाने काढावी आणि वेगाने फेरी मारून यावे. रेघ तुटून दोन तुकडे सरकलेले दिसले तर रबर घसरते आहे. वाटेतच असे झाले तर वेग अगदी कमी करावा, होडी हळूहळू घरी येते. तुटलेल्या खिळीच्या जागी मात्र पोलादी खिळा ठोकू नये. फ्यूजच्या जागी जाड तार लावण्यासारखेच ते आहे.

चौथा दोष: रंगाखालची झीज

ॲल्युमिनियमची बॉडी, पोलादाचा दांडा आणि भोवती खारे पाणी, म्हणजे झाला विद्युतघट तयार! या घटात ॲल्युमिनियम झिजते. त्याला वाचवण्यासाठी त्याहूनही सहज झिजणाऱ्या धातूची, बहुधा जस्ताची, वडी इंजिनाला लावतात. ती आपण झिजते आणि इंजिनाला राखते. या उपायाचा उगम १८२४ सालचा आहे. ब्रिटिश जहाजांच्या तळाचे तांब्याचे पत्रे झिजू नयेत म्हणून सर हम्फ्री डेव्ही यांनी जस्त व लोखंड यांचे तुकडे जोडण्याची कल्पना मांडली. तांबे वाचले, पण तांब्याचे विषारी क्षार पाण्यात उतरेनासे झाल्याने शिंपले व शेवाळ मात्र तळाला खुशाल चिकटू लागले!

विकण्यापूर्वी इंजिनाला ताजा रंग देण्याची पद्धत आहे. तो रंग जस्ताच्या वडीवरही फासला असेल तर तिचा पाण्याशी संबंध तुटतो आणि संरक्षण संपते. तेव्हा रंग पाहून भुलू नये, वडी पाहावी. ती निम्मी झिजली असेल तर बदलावी. दंतचक्रांच्या पेटीतले तेलही पाहावे. ते दुधाळ असेल तर आत पाणी शिरले आहे.

पहिली फेरी म्हणजे प्रयोग

पश्चिम किनाऱ्यावर पावसाळ्यात होड्या ओढून, शाकारून ठेवतात आणि नारळी पौर्णिमेच्या सुमारास पुन्हा पाण्यात लोटतात. पडून राहिलेली होडी म्हणजे न तपासलेली होडी, हे जाणते कोळी ओळखून असतात. नव्याने जुनी होडी घेणाऱ्यानेही पहिली फेरी हा एक प्रयोग समजावा आणि तो पायरीपायरीने करावा.

पहिली पायरी जमिनीवर. टाकी, नळ्या, जस्त, तेल हे सारे तपासावे आणि तळाचे बूच बसवल्याची खात्री करावी. हे बूच विसरण्यात हसण्यासारखे काही नाही. पाण्याच्या पातळीखाली ३० सेंटिमीटरवर अडीच सेंटिमीटर व्यासाचे भोक असेल, तर टॉरिसेलीच्या नियमाप्रमाणे सुरुवातीला मिनिटाला ४० लिटरांहून अधिक पाणी आत येते. दहा मिनिटांत होडीत पाच-सहा माणसांइतके वजन वाढते.

दुसरी पायरी धक्क्याशी. होडी भक्कम बांधून, गिअर टाकून, हळूहळू भार वाढवत धार पाहावी. या वेळी पंख्याजवळ पाण्यात कोणीही नसावे.

तिसरी पायरी खाडीत, भरती चढत असताना. तेव्हा इंजिन बंद पडले तरी प्रवाह होडीला समुद्राकडे न नेता आत आणतो. सोबतीला दुसरी होडी असावी. येथे पंधरा-वीस मिनिटे पूर्ण वेगात चालवल्यावरच बाहेरचा विचार करावा. नांगर, दोर, वल्ही, जादा खिळ आणि प्रत्येकाच्या अंगात जीवरक्षक जाकीट हे सामान पहिल्या फेरीपासूनच हवे.

चाचणीची जागा मोकळी हवी, हेही तितकेच महत्त्वाचे. १८ डिसेंबर २०२४ रोजी मुंबई बंदरात इंजिनाची चाचणी चालू असलेल्या नौदलाच्या एका वेगवान नौकेचा ताबा सुटला आणि ती घारापुरीकडे निघालेल्या ‘नीलकमल’ या प्रवासी नौकेवर आदळली. पंधरा जणांचे प्राण गेले. इंजिनातील बिघाडामुळे ताबा सुटला, असे नौदलाने जाहीर केले. बिघाड केव्हा होईल हे आपल्या हाती नसते. तो कोठे झाला तर कमीत कमी हानी होईल, हे मात्र आधी ठरवता येते.

करून पाहा

१. तेलाच्या रिकाम्या डब्यात पाणी भरून झाकणाला एकच लहान भोक पाडा आणि डबा उलटा धरा. मग दुसरे भोक पाडून पुन्हा पाहा. टाकीच्या झाकणावरील स्क्रूचे काम लगेच कळेल.

२. दोन पेल्यांत मिठाचे पाणी घ्या. एकात नुसता लोखंडी खिळा टाका, दुसऱ्यात जस्ताच्या पट्टीला तांब्याच्या तारेने घट्ट जोडलेला खिळा टाका. तार पाण्याबाहेर राहू द्या. आठवडाभर रोज पाहून नोंद ठेवा. कोणता खिळा गंजला, आणि दुसऱ्याच्या वाट्याची झीज कोणी सोसली?