हरलेल्या मैदानावर



संध्याकाळी आपल्या शहरातल्या आमखास मैदानावर गेलात, तर एकाच वेळी क्रिकेटचे कितीतरी सामने चाललेले दिसतात. एका सामन्याचा क्षेत्ररक्षक दुसऱ्या सामन्याच्या खेळपट्टीजवळ उभा असतो. प्रत्येकाला फलंदाजी हवी असते, काहींना गोलंदाजी हवी असते. यष्टिरक्षक व्हायला मात्र सहसा कोणी तयार नसतो. यष्टी म्हणजे स्टंप आणि त्यांच्यामागे उभा राहणारा तो यष्टिरक्षक. त्याला प्रत्येक चेंडूला वाकावे लागते. शंभर झेल घेतले तरी लोकांच्या लक्षात राहतो तो सुटलेला एक झेल.

पण या जागेचा एक मोठा फायदा आहे. सगळे मैदान यष्टिरक्षकाच्या समोर असते. गोलंदाज दमला आहे का, फलंदाज कोठे चुकतो, कोणता क्षेत्ररक्षक जागा सोडून उभा आहे, हे सर्व त्याला दिसते. अमेरिकेत 'फुटबॉल' नावाचा जो वेगळाच खेळ खेळतात, त्यात बचावफळीच्या मध्यभागी उभ्या राहणाऱ्या खेळाडूला लाइनबॅकर म्हणतात. त्यालाही समोरच्या संघाचा डाव ओळखून आपल्या सोबत्यांना सावध करावे लागते. माईक व्रॅबेल हे असेच लाइनबॅकर होते. ज्या संघाकडून ते अनेक वर्षे खेळले, त्याच संघाचे ते 2025 मध्ये मुख्य प्रशिक्षक झाले. जो खेळ नीट पाहायला शिकतो, तो पुढे खेळ शिकवूही शकतो. आपल्या महाराष्ट्रातील चंद्रकांत पंडित यांची गोष्ट अशीच आहे.

चंद्रकांत पंडित यांचा जन्म 30 सप्टेंबर 1961 रोजी मुंबईत झाला. प्रसिद्ध गुरू रमाकांत आचरेकर यांच्या हाताखाली ते क्रिकेट शिकले. 1986 साली इंग्लंडमध्ये ते पहिला कसोटी सामना खेळले. परंतु त्या काळात भारतीय संघात किरण मोरे हे उत्तम यष्टिरक्षक होते. त्यामुळे पंडितांना कसोटी सामने मिळाले फक्त 5 आणि एकदिवसीय सामने 36. 1992 नंतर त्यांना भारताकडून खेळायला मिळाले नाही. रणजी करंडकासारख्या देशांतर्गत स्पर्धांमध्ये मात्र ते खेळत राहिले. अशा प्रथम श्रेणीच्या सामन्यांत त्यांनी आठ हजारांहून अधिक धावा केल्या.

कारकिर्दीच्या उत्तरार्धात ते मध्य प्रदेशकडून खेळू लागले आणि त्या संघाचे कर्णधारही झाले. मध्य प्रदेशच्या इंदूर शहराला क्रिकेटची जुनी परंपरा आहे. एकेकाळी तेथील होळकर संघाने चार वेळा रणजी करंडक जिंकला होता. सी. के. नायडू आणि सय्यद मुश्ताक अली यांच्यासारखे खेळाडू त्या संघात होते. पण पुढे मध्य प्रदेश या नावाने खेळू लागलेल्या संघाला हा करंडक कधीच मिळाला नव्हता.

1999 मध्ये ती संधी आली. बंगळूरच्या चिन्नास्वामी मैदानावर कर्नाटकाविरुद्ध अंतिम सामना होता. पहिल्या डावात कर्नाटकाने 304 धावा केल्या आणि मध्य प्रदेशने 379. म्हणजे मध्य प्रदेशला 75 धावांची आघाडी मिळाली. रणजीचा अंतिम सामना अनिर्णित राहिला, तर पहिल्या डावात आघाडी घेणारा संघ विजेता ठरतो. तेव्हा शेवटच्या दिवशी मध्य प्रदेशला जिंकण्याचीही गरज नव्हती. दिवसभर टिकून राहिले तरी करंडक त्यांचाच होता. पण फलंदाज एकामागून एक बाद होत गेले. सगळा संघ 150 धावांत गारद झाला आणि कर्नाटकाने 96 धावांनी सामना जिंकला. हातात आलेला करंडक निसटला. कर्णधार होते चंद्रकांत पंडित.

खेळणे थांबवल्यावर पंडित प्रशिक्षक झाले. त्यांच्या मार्गदर्शनाखाली मुंबईने 2002-03 आणि 2003-04 अशी लागोपाठ दोन वर्षे रणजी करंडक जिंकला. 2015-16 मध्ये मुंबईने पुन्हा त्यांच्याच हाताखाली विजय मिळवला. पुढच्या वर्षीही संघ अंतिम सामन्यात पोहोचला, पण जानेवारी 2017 मध्ये इंदूर येथे गुजरातकडून हरला. त्यानंतर मुंबईने प्रशिक्षक बदलला. आदल्याच वर्षी करंडक जिंकून देणाऱ्या माणसाचे काम गेले!

पंडित नागपूरला, विदर्भ संघाकडे गेले. विदर्भ 1957-58 पासून रणजी स्पर्धेत खेळत होता. पण साठ वर्षांत एकदाही विजेता झाला नव्हता. या संघाचा कर्णधार होता फैज फझल. मुंबईसाठी वर्षानुवर्षे धावा केलेला वसीम जाफरही आता विदर्भाकडे होता. त्याच वर्षी विदर्भाने अंतिम फेरी गाठली. सामना पुन्हा इंदूरलाच होता. रजनीश गुरबाणीने दिल्लीविरुद्ध लागोपाठ तीन चेंडूंवर तीन बळी घेतले. यष्टिरक्षक अक्षय वाडकरने 133 धावा केल्या. 1 जानेवारी 2018 रोजी विदर्भ 9 गडी राखून जिंकला. पुढच्या वर्षीही करंडक विदर्भाकडेच राहिला.

हे कसे घडले? पंडितांकडे कोणतीही जादू नव्हती. त्यांचा आग्रह शिस्तीचा होता. सरावाला वेळेवर यायचे. नावाजलेला खेळाडू असो की नवखा मुलगा, नियम सर्वांना सारखाच. सामन्यात जे प्रसंग येऊ शकतात, त्यांची तयारी आधीच करून ठेवायची. मुंबईकर अशा न हटणाऱ्या वृत्तीला 'खडूस' म्हणतात. ही कडक शिस्त सर्वांनाच आवडली असे नाही. काही खेळाडूंना ती जाचक वाटली आणि त्यांनी तसे बोलूनही दाखवले. शिस्त कोठवर ताणावी, हा प्रश्न प्रत्येक शिक्षकासमोर असतोच.

2020 मध्ये मध्य प्रदेशने पंडितांना बोलावले. ते कोरोनाच्या साथीचे दिवस होते. 2020-21 ची रणजी स्पर्धाच झाली नाही. पण पंडितांनी तो काळ वाया जाऊ दिला नाही. त्यांनी खेळाडूंची दीर्घ शिबिरे घेतली आणि तरुणांवर विश्वास टाकला.

जून 2022 मध्ये मध्य प्रदेश अंतिम सामन्यात पोहोचला. मैदान तेच, बंगळूरचे चिन्नास्वामी. समोर होता पंडितांचा जुना संघ मुंबई, ज्याने 41 वेळा हा करंडक जिंकला होता. मुंबईच्या सरफराज खानने शतक झळकावले आणि मुंबईने 374 धावा केल्या. त्यावर मध्य प्रदेशच्या यश दुबे, शुभम शर्मा आणि रजत पाटीदार या तिघांनी शतके केली. धावा झाल्या 536. दुसऱ्या डावात मुंबई 269 धावांत बाद झाली. जिंकायला 108 धावा हव्या होत्या. 26 जूनला मध्य प्रदेशने त्या 4 गडी गमावून पूर्ण केल्या.

कर्णधार आदित्य श्रीवास्तवच्या संघाने पंडितांना खांद्यावर उचलून घेतले. शिस्तीसाठी ओळखल्या जाणाऱ्या त्या माणसाच्या डोळ्यांतून अश्रू वाहत होते. तेवीस वर्षांपूर्वी कर्णधार म्हणून जे त्यांच्या हातून निसटले होते, ते त्यांच्या शिष्यांनी त्याच मैदानावर त्यांच्या हाती दिले. प्रशिक्षक म्हणून त्यांचा हा सहावा रणजी करंडक होता. पुढे 2024 मध्ये ते प्रशिक्षक असताना कोलकाता नाइट रायडर्स संघाने आयपीएल स्पर्धाही जिंकली.

मित्रांनो, 1999 चा तो पराभव कोणी पुसून टाकू शकत नाही. धावफलकावर तो तसाच राहणार. पण पराभवानंतर काय करायचे, हे आपल्या हाती असते. पंडित मैदान सोडून गेले नाहीत. स्वतःला जे साधले नाही, ते दुसऱ्यांना साधावे म्हणून त्यांनी वीस वर्षे कष्ट केले. उर्दूत आपण ज्याला 'उस्ताद' म्हणतो, तो असा असतो. शागीर्द जिंकला की त्याची स्वतःची हारही हलकी होते.

उद्या आमखास मैदानावर कोणी तुम्हाला यष्टींमागे उभे राहायला सांगितले, तर तोंड वाकडे करू नका. आनंदाने उभे राहा. तेथून सगळे मैदान दिसते.

स्वाध्याय
1. यष्टिरक्षकाच्या जागेचा फायदा कोणता?
2. 1999 च्या अंतिम सामन्यात मध्य प्रदेशला जिंकण्याची गरज का नव्हती?
3. 2022 च्या विजयानंतर पंडितांच्या डोळ्यांत अश्रू का आले असतील? तुमच्या शब्दांत लिहा.
4. तुम्हाला शिकवणाऱ्या एखाद्या उस्तादांविषयी आठ ते दहा वाक्ये मराठीत लिहा.