क्षारपड रानात कोळशाचा आसरा

शिरोळ, मिरज, वाळवा. कृष्णाकाठच्या या ऊसपट्ट्यात बेसुमार पाणी आणि अपुरा निचरा यांमुळे कितीतरी रानं क्षारपड झाली. भूजल वर आलं, पाणी उडून गेलं, क्षार मागे राहिले. उन्हाळ्यात त्यांची पांढरी खपली डोळ्यांना दिसते.

खरा घाव मात्र मुळाभोवतीच्या एखाद-दोन मिलिमीटर मातीत बसतो. मुळं तिथे शर्करा आणि सेंद्रिय आम्लं पाझरतात, त्यांवर जिवाणू आणि बुरशी पोसतात. क्षार वाढले की त्यांच्या पेशींतलं पाणी बाहेर ओढलं जातं. अनेक मरतात, उरलेल्यांची शक्ती तग धरण्यातच जाते.

इथे बायोचार कामी येतो. पाचट, भाताचं तूस किंवा तुराट्या अगदी कमी हवेत साधारण 350 ते 700 अंश सेल्सिअसला तापवल्या की हा सच्छिद्र कोळसा तयार होतो. त्याच्या छिद्रांत ओलावा टिकतो आणि जिवाणूंना थारा मिळतो. शिवाय तो थोडं सोडियम धरून ठेवतो.

जगलेल्या जिवाणूंचं काम थक्क करणारं आहे. ताणाखालच्या मुळांत इथिलीन वाढतं आणि वाढ खुंटते. स्यूडोमोनास, बॅसिलस यांच्या काही प्रजाती इथिलीन ज्यापासून बनतं तो पदार्थच फोडतात; मूळ पुन्हा लांबू लागतं.

पण बायोचार बहुधा विम्लधर्मी असतो. सामू 8.5 च्या वर गेलेल्या चोपण जमिनीत जास्त तापवलेला बायोचार त्रास वाढवू शकतो, म्हणून आधी माती परीक्षण हवं. साचलेले क्षार वाहून नेण्यासाठी निचऱ्याचे चर किंवा पाइपही लागतातच.