लिनक्सचा आवाज: काय थांबवायचं, काय सुरू करायचं

लिनक्सवर आवाज बंद पडला की ध्वनिसेवा थांबवून पुन्हा सुरू करायची, हा उपाय जुनाच. पण नेमकं काय थांबवायचं, हे गेल्या पंचवीस वर्षांत पार बदललं, आणि माझ्या मते या डेस्कटॉपची प्रगती त्यातच मोजता येते. ओएसएस या जुन्या ध्वनिव्यवस्थेच्या काळात एका प्रोग्रॅमनं साउंड कार्डाचा ताबा घेतला की बऱ्याच कार्डांवर दुसऱ्याला ताटकळावं लागे. 2003च्या अखेरीस आलेल्या 2.6 कर्नेलनं तिच्या जागी आल्सा घरोघरी पोचवलं. तरी ड्रायव्हर अडकला तर आधी कार्ड वापरणारे सगळे प्रोग्रॅम बंद करा, मग रूट होऊन तो कर्नेलमधून काढा आणि पुन्हा घाला, एवढा खटाटोप होता. लेनार्ट पोएटरिंग यांचं पल्सऑडिओ, म्हणजे प्रोग्रॅम आणि कार्ड यांच्यामधला ध्वनिसर्व्हर, 2007मध्ये फेडोरा 8मध्ये आणि 2008मध्ये उबुंटू 8.04मध्ये आलं, तेव्हा आवाज तुटतो म्हणून लोक वैतागले, आणि ते रास्तच होतं. मात्र एक मोठी गोष्ट तेव्हाच घडली. ‘पल्सऑडिओ -के’ एवढं टाइप केलं की सर्व्हर बंद व्हायचा आणि एखाद्या प्रोग्रॅमनं आवाज मागितला की सहसा आपोआप उठायचा. ना पासवर्ड, ना कर्नेलला धक्का.

फेडोरा 34नं 2021मध्ये आणि उबुंटू 22.10नं पुढच्या वर्षी पल्सऑडिओऐवजी पाइपवायर स्वीकारलं. इथं कामाची वाटणीच वेगळी आहे: कोणता आवाज कुठं जायचा हे वायरप्लंबर नावाचा वेगळा प्रोग्रॅम ठरवतो, त्यामुळं घोळ तिथंच असेल तर बहुधा तेवढाच रीस्टार्ट करून भागतं. फक्त पाइपवायरची सेवा थांबवून मात्र ती थांबत नाही. प्रोग्रॅमची हाक ऐकणारा तिचा सॉकेट जागा असतो, आणि ब्राउझरनं हाक मारली की सेवा परत हजर. म्हणून सॉकेटही थांबवावा लागतो.

नुसतं आल्सा पुरेसं होतं, आवाज मिसळायला त्यात डीमिक्स होतंच, असं जुने जाणकार म्हणतात. एका जागी ठेवलेल्या, एकाच स्पीकरच्या मशीनपुरतं ते खरं आहे. पण कॉल चालू असताना ब्लूटूथ हेडफोन लावला, तर आवाज तिकडं वळवायला मध्ये कुणीतरी हवंच. दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे: रीस्टार्ट इतका सोपा झाला की मूळ दोष कुणी शोधतच नाही. तो मला मान्य आहे. म्हणून एवढंच करा: रीस्टार्टच्या आधी जर्नलमधल्या, म्हणजे सिस्टीमच्या नोंदींमधल्या, पाइपवायरच्या शेवटच्या ओळी वाचा, जपून ठेवा आणि दोष कळवताना सोबत जोडा.