अतिश्रम आणि ओठावरील फोड

सुगीच्या ऐन भरात पुष्कळांच्या ओठाच्या कडेस बारीक पाणीदार फोडांचा झुबका उठतो. आधी त्या जागी चुणचुण व आग होते, मग फोड येतात, ते फुटून खपली धरते आणि बहुधा दोन आठवड्यांच्या आत जागा बरी होते. 'अंगात उष्णता झाली' असे म्हणून लोक तिकडे दुर्लक्ष करितात. वास्तविक याचे मूळ हर्पीस सिम्प्लेक्स नावाच्या विषाणूत आहे. तो बहुधा बालपणीच शरीरात शिरतो व चेहऱ्याच्या मज्जातंतूंच्या मुळाशी जन्मभर सुप्त राहतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२० सालच्या अंदाजाप्रमाणे पन्नास वर्षांखालील सुमारे ६४ टक्के लोकांच्या शरीरात त्याचा वास आहे. सबब यात लाजण्याजोगे काही नाही.

त्यास समूळ घालविणारे औषध नाही. मात्र त्यास जागे करणारी कारणे ठाऊक आहेत. ताप, प्रखर ऊन, चिंता व अतिश्रम ही त्यांतील मुख्य होत. ताप आपल्या हाती नसला तरी श्रमांची वाटणी पुष्कळ अंशी आपल्या हाती असते.

बैल थकला की आपण जू उतरवितो. स्वतःच्या देहास मात्र ती सवलत देत नाही. ज्या गावी पंपाची वीज अद्याप रात्रीच्या पाळीने येते, तेथे घरातील माणसांनी दारे धरण्याच्या पाळ्या लावून घ्याव्या व जागरण करणाऱ्याने दिवसा झोप भरून काढावी. शेतातून येऊन पुन्हा चुलीपुढे बसणाऱ्या स्त्रियांची झोप सर्वांत तुटपुंजी असते; त्यांचा भार प्रथम हलका करावा. दुपारच्या उन्हात काम टाळावे, अथवा तोंडावर उपरण्याची सावली घ्यावी. झोपेची थकबाकी साचली की शरीर ती व्याजासह वसूल करिते. विश्रांतीने फोड मुळीच येणार नाहीत असे नव्हे, परंतु त्यांची शक्यता कमी होते.

चुणचुण सुरू होताच डॉक्टरांस विचारावे. असायक्लोव्हीरसारखे औषध आरंभीच घेतल्यास अधिक उपयोगी पडते. फोड असता एकच बिडी, पेला वा पंचा दोघांनी वापरू नये. फोडास हात लागल्यास तो साबणाने धुवावा व डोळ्यास लावू नये. तान्ह्या मुलाचा मुका तर कदापि घेऊ नये, कारण नवजात अर्भकाच्या जिवावर हा रोग बेतू शकतो. डोळा लाल होऊन दुखू लागल्यास त्याच दिवशी दवाखाना गाठावा.