महागावचा कापूस आणि एक पांढरी आगबोट

महागावात दिवाळीच्या सुमारास कापसाच्या शेतात सीतादहीची पूजा होते, बाया वेचणीला उतरतात आणि पारावर कापसाच्या भावाच्या गोष्टी सुरू होतात. या भावात एकेकाळी आगबोट कंपन्यांचाही हात होता. पूस-पैनगंगेच्या पट्ट्यातला कापूस पिकतो समुद्रापासून शेकडो मैल दूर, पण त्याचे गिऱ्हाईक समुद्रापलीकडे होते. बोटीचे भाडे वाढले की व्यापारी तेवढा पैसा खरेदीच्या भावातून कापून घेई.

रेल्वे येण्याआधी वऱ्हाडचा कापूस बैलांच्या पाठीवर लादून गंगाकाठच्या मिर्झापूरला जाई. 1867 मध्ये रेल्वे नागपूरला पोचली, 1869 मध्ये सुएझ कालवा खुला झाला आणि सगळा माल मुंबईकडे वळला. 1903 मध्ये यवतमाळहून मूर्तिजापूरकडे ‘शकुंतला’ ही रेल्वेगाडी धावू लागली, तीही कापसासाठीच. गठाणी बंदरावर पोचणे सोपे झाले. तिथून पुढे मात्र रस्ता एकच होता, गोऱ्यांच्या बोटींचा.

बोटवाल्या कंपन्यांनी आपसांत करार करून भाडे ठरवलेले असे. त्यांची एक युक्ती फार परिणामकारक होती. व्यापाऱ्याने भरलेल्या भाड्यातली काही रक्कम परत देण्याचे कबूल करायचे, पण ती काही महिने अडकवून ठेवायची. मधल्या काळात त्याने दुसऱ्या कंपनीच्या बोटीत एक गठाण जरी चढवली, तरी ती रक्कम बुडाली. नव्या बोटवाल्याला माल मिळू नये यासाठी याहून पक्का बंदोबस्त शोधून सापडला नसता.

नागपुरात 1877 मध्ये एम्प्रेस मिल सुरू करणाऱ्या जमशेटजी टाटांनी या बंदोबस्ताला पहिला धक्का दिला. मुंबईहून चीन-जपानकडे जाणाऱ्या मालावर पी अँड ओ कंपनी टनाला 19 रुपये घेत होती. 1893 मध्ये जमशेटजी स्वतः जपानला गेले, निप्पॉन युसेन कैशा या कंपनीशी भागीदारी ठरवली, ‘ॲनी बॅरो’ आणि ‘लिंडिसफार्न’ या बोटी भाड्याने घेतल्या आणि 12 रुपये दर लावला. पी अँड ओने आपला दर दीड-दोन रुपयांपर्यंत पाडला. साथ देण्याचे कबूल केलेले मुंबईचे गिरणीवालेच स्वस्त भाड्याला भुलून फुटले आणि टाटांना बोटी परत कराव्या लागल्या. मला या कहाणीतली सर्वांत कडू गोष्ट हीच वाटते.

1893 च्या त्याच जपान-प्रवासात जमशेटजी योकोहामाहून व्हँकूवरला गेले. बोट होती कॅनेडियन पॅसिफिक कंपनीची, 1891 मध्ये बांधलेली, पांढऱ्याशुभ्र रंगाची ‘एम्प्रेस ऑफ इंडिया’. शिकागोच्या धर्मपरिषदेला निघालेले स्वामी विवेकानंदही तिच्यावर होते. या बोटीचे पुढे काय झाले, ते फार थोड्यांना ठाऊक असते. पहिल्या महायुद्धात ग्वाल्हेरच्या माधवराव शिंदे महाराजांनी ती इस्पितळ-बोट म्हणून घेतली आणि तिचे नाव ‘लॉयल्टी’ ठेवले. युद्ध संपल्यावर सोलापूरचे वालचंद हिराचंद आणि नरोत्तम मोरारजी यांनी सहकाऱ्यांसह ती विकत घेतली. कंपनीला शिंद्यांचेच नाव दिले, सिंदिया स्टीम नॅव्हिगेशन. 5 एप्रिल 1919 रोजी ‘लॉयल्टी’ मुंबईहून लंडनला निघाली. जिच्यावरून जमशेटजींनी महासागर ओलांडला, तीच बोट घेऊन वालचंदांनी त्यांची अपुरी लढाई पुन्हा मांडली.

लॉर्ड इंचकेप यांच्या ‘ब्रिटिश इंडिया’ या बोट कंपनीने जुनेच हत्यार काढले. रंगून-मुंबई तांदळाचे भाडे टनाला 18 रुपयांवरून 6 वर आणले. सिंदियाने तोटा सोसला, पण कंपनी विकली नाही. अखेर 1923 मध्ये तिला दहा वर्षांचा करार पत्करावा लागला. त्यात एकूण जहाजे 75,000 टनांपुढे वाढवायची नाहीत, अशी अट होती. त्याच वर्षी ‘लॉयल्टी’ मोडीत निघाली. सिंदियाने स्वतः विशाखापट्टणमला बांधलेली ‘जलउषा’ ही बोट पाण्यात उतरली ती 1948 मध्ये, पंडित नेहरूंच्या हस्ते.

‘लॉयल्टी’ निघाली तो 5 एप्रिलचा दिवस 1964 पासून राष्ट्रीय सागरी दिन म्हणून पाळला जातो. महागाव, पुसद, दारव्हा, दिग्रसकडच्या जुन्या अडत्यांच्या आणि जिनिंगवाल्यांच्या घरी त्या काळच्या चोपड्या, बिल्ट्या, मुंबईच्या पेढ्यांची पत्रे माळ्यावर पडून असतील, तर या दिवाळीच्या साफसफाईत ती रद्दीत घालू नका. गावच्या वाचनालयात नेऊन द्या. आपल्या कापसाला बोटीच्या भाड्याने किती कापले, याचा हिशेब त्यांतूनच मांडता येईल.