औषध बाधलं, तर त्याचं नाव जपून ठेवा

ऊसतोडीचे दिवस होते. पळसदेवच्या शिवारातल्या कोपीवरून एक बाई चार वर्षांच्या मुलाला कडेवर घेऊन धावत आली. मुलाच्या अंगभर गांधी उठलेल्या, ओठ सुजलेले, श्वासात घरघर. घसा दुखतो म्हणून मिळालेल्या औषधाचा पहिला डोस अर्ध्या तासापूर्वी पोटात गेला होता. "सिस्टर, मागल्या साली दुसऱ्या गावाला बी असंच उठलं व्हतं," ती म्हणाली. तेव्हाचं औषध कोणतं? ते तिला कुणी सांगितलं नव्हतं, लिहूनही दिलं नव्हतं.

अशा वेळी आम्ही परिचारिका आधी ते औषध बंद करतो, डॉक्टरांना हाक मारतो. श्वास, नाडी आणि शुद्ध पाहतो. या मुलाला धाप होती, म्हणून आईच्या मांडीवर बसतं ठेवलं, ऑक्सिजन लावला. डॉक्टरांच्या सांगण्यानुसार, वजनाच्या हिशेबानं, ॲड्रिनॅलिनचं इंजेक्शन मांडीच्या बाहेरच्या बाजूला स्नायूत दिलं. काही मिनिटांत घरघर ओसरली. आई निघायला लागली, पण आम्ही थांबवलं. बरं वाटल्यावरही काही तासांनी त्रास उलटू शकतो.

मंडळी, प्रत्येक त्रास म्हणजे ॲलर्जी नव्हे. अँटिबायोटिकनं थोडे जुलाब होतात, लसीनंतर ताप येतो. तेवढ्यावरून औषध कायमचं वर्ज्य करू नका, डॉक्टरांना ठरवू द्या. मात्र ओठ-चेहरा सुजला, धाप लागली, मूल मलूल पडलं किंवा अंगावर फोड येऊन तोंड सोललं, तर थांबू नका. १०८ला फोन करा. बाटली किंवा गोळ्यांची पट्टी सोबत आणा.

इंजेक्शनइतकंच महत्त्वाचं काम म्हणजे नोंद. औषधाचं नाव आम्ही केसपेपरवर ठळक लिहितो. देशात २०१० पासून अशा नोंदी गोळा करण्याचा कार्यक्रम आहे; त्याचं केंद्र गाझियाबादला आहे. १८००-१८०-३०२४ या मोफत क्रमांकावर पालकही कळवू शकतात. एकेका नोंदीतूनच औषधाचा दोष उघड होतो.

त्या आईला मी औषधाचं नाव मोठ्या अक्षरांत लिहून दिलं. ती म्हणाली, "मला वाचता येत न्हाई." मी म्हटलं, "तुम्ही वाचू नका, ताई. पुढच्या गावात औषध घेण्याआधी फक्त दाखवा." तिनं चिठ्ठी घडी करून रेशनकार्डाच्या पिशवीत ठेवली. टोळी पुढच्या फडावर गेली, तेव्हा मुलाबरोबर ती चिठ्ठीही गेली.